'त्यातले आम्हाला काही कळत नाही'

मराठी विभागांतून, साहित्य संमेलनांच्या मांडवांतून आणि चहाच्या टेबलांवर एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते. विषय शास्त्रीय संगीताकडे वळला की कोणीतरी हात जोडल्यासारखे करून म्हणते, 'ऐकायला बरे वाटते, पण त्यातले आम्हाला काही कळत नाही.' मग सगळे हसतात आणि विषय बदलतो. हे वाक्य नम्रतेचे समजले जाते. आमचा मुद्दा असा की ते नम्रतेचे नाही. ते आळसाचे आहे, आणि साहित्य शिकवणाऱ्याच्या तोंडी तर ते व्यवसायद्रोहाचे आहे.

इतके कठोर बोलण्याचा अधिकार आम्हाला एवढ्याचसाठी आहे, की चाळिशी उलटेपर्यंत आम्ही दोघेही हेच वाक्य म्हणत होतो. आम्ही मराठीचे अध्यापक. एकाच विभागात शिकवतो, एकाच खोलीत बसतो. एकाच्या घरी वारकरी भजन आणि कोनाड्यात पखवाज. दुसऱ्याच्या घरी रेडिओ आणि त्यावरची भावगीते. बैठकीचे गाणे दोघांच्याही घरी नव्हते. 'ते आपले नव्हे' असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सांगायची गरजच नव्हती.

आमची लाज उघडी पडली ती वर्गात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'स्वयंवर' शिकवणे चालू होते. खाडिलकर म्हणजे टिळकांचे अनुयायी, 'कीचकवध' १९०७ चे, त्यावर १९१० साली बंदी आली, पुढे 'मानापमान' १९११ आणि 'स्वयंवर' १९१६, हा क्रम आमचा तोंडपाठ. त्यानंतर संगीत नाटकाच्या टिपणातील ठरलेले वाक्य आले: 'पदांच्या अतिरेकामुळे कथानकाचा ओघ खंडित होतो.' हे वाक्य आम्ही किती वर्षे उतरवून दिले याची मोजदाद नाही. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, पण हे पद म्हणतात कसे?' पद रुक्मिणीचे होते. आम्ही त्याचा अर्थ सांगितला, अलंकार सांगितला. तिने पुन्हा विचारले, 'नाही, म्हणजे ते गातात कसे?' आम्हाला ठाऊक नव्हते. त्या पदाला चाल भास्करबुवा बखल्यांची आहे, ते भूप रागात आहे, ते बालगंधर्व गात, आणि केवळ तेवढ्यासाठी माणसे नाट्यगृहात येत, यातले काहीही आमच्या टिपणात नव्हते. ज्या गोष्टीमुळे ते नाटक उभे राहिले ती गोष्ट एकदाही न ऐकता आम्ही तिला दोष म्हणून शिकवत होतो.

कादंबरी न वाचता कादंबरीवर व्याख्यान देणाऱ्याला आपण काय म्हणतो? तेच आम्हाला म्हणावे.

हा एका नाटकापुरता अपघात असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. साहित्यविचाराच्या पत्रिकेत आम्ही मर्ढेकर शिकवतो. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील लयतत्त्व प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला पाठ असते: संवाद, विरोध आणि समतोल. त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो आणि उत्तरात ही तीन नावे आली की गुण मिळतात. लय हा शब्द मर्ढेकरांनी साहित्यात आणला त्यामागे सर्व कलांचा एकत्र विचार होता, आणि त्या विचारात संगीताचे स्थान मध्यवर्ती होते. ते स्वतः रेडिओच्या नोकरीत होते, त्यांनी संगीतिका लिहिल्या. आपण मात्र त्यांची लय वहीत उतरवून घेतो. ज्याने एकदाही विलंबित ख्याल समेपर्यंत ऐकलेला नाही असा अध्यापक, ज्यांनी तो ऐकलेला नाही अशा विद्यार्थ्यांना, लय म्हणजे काय हे सांगतो, आणि तिसराच कोणी, ज्यानेही तो ऐकलेला नसतो, ते तपासतो. याला साहित्यशास्त्र म्हणतात.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही जे केले ते सांगितले पाहिजे, कारण आमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आम्ही ठरवले की एक पावसाळाभर एकच राग ऐकायचा. अर्थातच भूप. किशोरी आमोणकर यांचे भूपाचे प्रसिद्ध ध्वनिमुद्रण घेतले आणि तेच ते ऐकू लागलो. सकाळी बसमध्ये, संध्याकाळी घरी. पहिले आठ-दहा दिवस काही घडले नाही. खरे सांगायचे तर कंटाळा आला. गाणे पुढे सरकते आहे हेच लक्षात येत नव्हते. मग आमच्यापैकी ज्याच्या घरी पखवाज होता त्याने गुडघ्यावर मात्रा मोजायला सुरुवात केली. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिलीवर सम, नववीवर काल. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्याच्या हातात लहानपणापासून होत्या, पण त्या 'शास्त्रीय' नाहीत अशी समजूत असल्याने त्यांचा येथे उपयोग होईल हे त्याला कधी सुचलेच नव्हते. मोजता मोजता एका संध्याकाळी असे झाले की गायिका समेवर येण्याआधी एक क्षण आम्हाला कळले की ती आता येणार. आणि ती आली. त्या क्षणापर्यंत गाणे आमच्या कानांवरून जात होते. त्यानंतर ते आमच्याकडे येऊ लागले.

पुढची पायरी देसकाराची. भूप आणि देसकार या दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोहोंत वर्ज्य. तरीही भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देसकार सकाळचा. भूपाचा वादी गंधार आणि देसकाराचा धैवत. भूपाचा जीव पूर्वांगात आणि देसकाराचा उत्तरांगात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांच्या वर्गीकरणात तर भूप कल्याण थाटात बसतो आणि देसकार बिलावलात. पुस्तकात हे वाचून आम्हाला ते शब्दच्छल वाटले होते. मग केसरबाई केरकर यांचा देसकार ऐकला. केसरबाई आणि किशोरीताईंच्या मातुःश्री मोगूबाई कुर्डीकर, दोघीही अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. म्हणजे घराणेही तेच. अक्षरे तीच, आणि मजकूर सर्वस्वी वेगळा. भूप गंधारावर येऊन विसावतो. देसकार वरून, धैवतावरून, खाली पाहतो आणि ऋषभावर रेंगाळतही नाही. हा फरक ज्या दिवशी कोणी न सांगता कानाला कळला, त्या दिवशी आम्हाला गाणे आवडू लागले. ऐकून न ऐकल्यासारखे केलेले आठ-दहा दिवस आठवले आणि आपल्याच विद्यार्थ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले, मर्ढेकरांची कविता प्रथम वाचतानाचे.

'सर, कळत नाही,' असे विद्यार्थी म्हणतो तेव्हा आपण त्याला काय सांगतो? पुन्हा वाच, मोठ्याने वाच, कोणत्या शब्दावर वजन आहे ते पाहा, दोन कविता शेजारी ठेवून पाहा. 'तुझ्या घरी कविता नव्हती, तेव्हा तुला हे जमणार नाही,' असे आपण म्हणत नाही. म्हणणाऱ्याला वर्गात उभे राहू देऊ नये. मग तोच नियम आपण स्वतःच्या कानांना का लावत नाही?

येथे पहिला प्रतिवादी उभा राहतो. तो म्हणतो, 'हे कानांवर लहानपणापासून पडावे लागते. घरात संस्कार लागतात.' हे विधान मोठ्या प्रेमाने केले जाते आणि त्याचा परिणाम दार लावून घेण्यासारखा होतो. या प्रतिवाद्याला आम्ही महाराष्ट्राचा इतिहास वाचायला सांगू. ख्यालगायन महाराष्ट्रात घरोघर होते असा काळ कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर उत्तरेत जाऊन हालअपेष्टा सोसून ग्वाल्हेरची गायकी घेऊन आले. अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. अब्दुल करीमखाँ मिरजेत स्थिरावले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते गाणे चार भिंतींच्या बाहेर यावे म्हणूनच. संगीत नाटक कंपन्यांनी रागदारी गावोगाव नेली. ती पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी जशी ऐकली तशी पिटातल्यांनीही ऐकली. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या स्मृतीचा महोत्सव सुरू झाला. आज आपण ज्याला 'महाराष्ट्राची श्रवणसंस्कृती' म्हणतो ती अशी, दोन-तीन पिढ्यांत, तिकीट काढून, ध्वनिमुद्रिका विकत घेऊन, रेडिओला कान लावून, मोठ्या माणसांनी मोठेपणी कमावली. तिला आता वतनासारखे मिरवणे हा इतिहासाचा विपर्यास आहे.

आणि 'संस्कार' हा शब्द वापरणाऱ्यांना आणखी एक आठवण करून दिली पाहिजे. ज्या घरांत हे गाणे खरोखरच पिढ्यान्‌पिढ्या होते ती घरे कोणती? उस्तादांची मुसलमान घरे आणि गोव्याच्या कलावंत समाजातील स्त्रियांची घरे. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्या घरांना 'संस्कारी' म्हणायला त्या काळचा पांढरपेशा समाज तयार नव्हता. त्यांचे गाणे घेतले, त्यांना माई म्हटले, आणि नंतर संस्काराचा दाखला मात्र स्वतःच्या नावावर करून घेतला. तेव्हा लहानपणीच्या कानाची भाषा जरा जपून वापरावी.

शिवाय ज्यांच्या लेखणीने मराठी श्रोता घडवला ते स्वतः कोण होते? भातखंडे व्यवसायाने वकील. 'घरंदाज गायकी' (१९६१) लिहिणारे वामनराव देशपांडे सनदी लेखापाल. दोघेही गवयाच्या घराण्यात जन्मलेले नव्हेत. त्यांनी ऐकले, विचारले, ताडून पाहिले, लिहून ठेवले. म्हणजे आपण ग्रंथालयात जे करतो तेच केले.

दुसरा प्रतिवादी अधिक गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. तो म्हणतो, 'कळायला कशाला हवे? मनाला भिडले की झाले. संगीत ही हृदयाची भाषा आहे.' हे ऐकायला उदार वाटते. प्रत्यक्षात ते श्रोत्याला आहे तेथेच ठेवते. पहिला म्हणतो, तुला कळणार नाही. दुसरा म्हणतो, तुला कळण्याची गरज नाही. दोघांच्या मते आपण बाहेरच बरे. आमचा अनुभव असा की आवड आधी आणि समज नंतर हा क्रम निदान आमच्या बाबतीत खोटा ठरला. लक्ष देणे आधी आले, फरक कळणे त्यानंतर, आणि प्रेम सर्वांत शेवटी. जे भिडण्याची वाट पाहत बसतात त्यांना तीन मिनिटांत भिडणारेच भिडते. तासाभराने भिडणारे त्यांच्या वाट्याला येत नाही.

याच उदारपणाची एक शाखा म्हणजे सभागृहांतून होणारे 'रागांची ओळख' छापाचे कार्यक्रम. हे चित्रपटगीत यमनमधले, ते भैरवीतले, श्रोत्यांनी ओळखायचे आणि टाळ्या वाजवायच्या. चित्रपटगीताशी आमचे वैर नाही. पण रागाचे नाव ओळखणे म्हणजे गाणे ऐकणे नव्हे; भुजंगप्रयात वृत्त ओळखणे म्हणजे मनाचे श्लोक वाचणे नव्हे, हे आम्हाला तरी कळायला हवे. गण पाडून दिले की कविता शिकवली असे मानणारे शिक्षक आपण पाहिले आहेत. त्यांची आपण थट्टा करतो आणि संगीताच्या दारात तीच पद्धत मुकाट्याने स्वीकारतो.

तिसरी तक्रार आमच्याच लेखनव्यवहाराविरुद्ध आहे. मराठीत गायकांवर लिहिलेले उदंड आहे, पण त्यातले गाण्यावर किती आहे? बुवा काय जेवत, कोणत्या गाडीने आले, तंबोरे लागेपर्यंत कोणाला काय बोलले, हे सारे आपल्याला ठाऊक असते. बुवा षड्जावरून पुढे कसे जात, ते मात्र लेख संपला तरी कळत नाही. 'स्वर्गीय', 'दैवी', 'शब्दातीत' ही विशेषणे आली की समीक्षकाचे काम संपले. कवितेवर असा लेख कोणी पाठवला तर आपण तो साभार परत करू. पु. ल. देशपांडे यांनी गायकांविषयी प्रेमाने लिहिले त्यामागे स्वतः पेटी वाजवणाऱ्या माणसाचा कान होता. त्यांच्यामागून आलेल्यांनी किस्सा उचलला आणि कान तेथेच ठेवला.

याचा अर्थ मराठीत दुसरी परंपरा नाही असा नव्हे. ती आहे आणि आपण ती वाचत नाही, हीच तक्रार आहे. भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' चार भागांत, १९१० ते १९३२ या काळात निघाली. ती मराठीत लिहिलेली आहे आणि गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा अडवतो. विवेचक मराठी गद्याचा हा प्रचंड ग्रंथ आमच्या विद्यार्थिदशेत वाङ्मयेतिहासाच्या तासाला कधी उच्चारला गेला नाही, आणि पुढे आम्हीही उच्चारला नाही. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, वामनराव देशपांडे, अशोक दा. रानडे यांनी गाण्याविषयी नेमके बोलता येते हे मराठीतच सिद्ध करून ठेवले. टेंबे आणि भोळे स्वतः चाली बांधणारे. पैकी टेंब्यांनीच 'मानापमान'च्या पदांना चाली दिल्या. रानड्यांनी तर संगीताच्या सौंदर्यशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिला. 'शब्दातीत' म्हणून हात वर करणाऱ्यांनी या माणसांची चार पाने वाचावीत. शब्द पुरे पडत नाहीत हे खरे. पण ते कोठपर्यंत पुरतात हे पाहण्याचे कष्ट घेतल्यावरच तसे म्हणण्याचा अधिकार मिळतो.

आमच्यावर येणारा एक आक्षेप आम्ही मान्य करतो. उशिरा लागलेल्या कानाला मर्यादा असतात. लागलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार आम्हाला अजून रोज ऐकू येत नाही. अनवट राग आला की आम्ही चाचपडतो. जोडरागात कोणता धागा कोठे संपला हे चुकते. लहानपणापासून तंबोऱ्याच्या शेजारी वाढलेल्या माणसाला जे सहज दिसते ते आम्हाला कष्टाने दिसते, आणि काही गोष्टी कधीच दिसणार नाहीत. असो. संस्कृत उशिरा शिकलेल्याने 'शाकुंतल' वाचू नये असे कोणी म्हणत नाही. उलट उशिरा आलेल्याचा एक फायदा असतो: आपल्याला काय कळत नव्हते आणि ते कोणत्या दिवशी कळले, हे त्याला आठवते. शिकवणाऱ्याला याहून मोठे भांडवल नाही.

दुसरा आक्षेप असा, की मैफली पुण्यामुंबईच्या. तालुक्याच्या गावी काय करायचे? हा आक्षेप काल खरा होता. आज १९०२ सालापासूनची ध्वनिमुद्रणे खिशातल्या यंत्रावर मिळतात. तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांपासून दोन-दोन तासांच्या मैफलींपर्यंत सर्व काही तेथे आहे. समोर बसून ऐकण्याची सर त्याला नाही हे कबूल. पण 'सोय नव्हती' हे कारण आता उरलेले नाही. 'कोणी सांगणारे नव्हते' हे कारण उरले आहे, आणि ते दूर करणे आपल्याला शक्य आहे.

आमची मागणी अभ्यासक्रम बदलण्याची नाही. मंडळे, ठराव, उपसमित्या यांत आमचा जन्म जाईल. मागणी साधी आहे. संगीत नाटक शिकवणाऱ्याने पद वर्गात वाजवून दाखवावे, आणि त्याआधी स्वतः दहा वेळा ऐकावे. लयतत्त्व शिकवणाऱ्याने एक विलंबित ख्याल वर्गाला समेपर्यंत मोजायला लावावा. अभंग शिकवणाऱ्याने तो टाळ-पखवाजावर कसा चालतो हे ज्याच्या घरी भजन आहे त्या विद्यार्थ्याला विचारावे. असा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो, आणि आपण काही जाणतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि 'त्यातले आम्हाला काही कळत नाही' हे वाक्य निदान पन्नास रुपये दंडाचे करावे. जमलेल्या पैशांतून विभागासाठी 'घरंदाज गायकी' घ्यावे.

ती विद्यार्थिनी केव्हाच उत्तीर्ण होऊन गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला दिले नाही. देऊ शकलो नाही. तिच्या वहीत अजून ते वाक्य असेल, की पदांच्या अतिरेकामुळे कथानकाचा ओघ खंडित होतो. कदाचित ती आता कोठेतरी शिकवत असेल, आणि ते वाक्य पुढच्या वह्यांत उतरत असेल. ते आम्ही दिलेले आहे. भूप ऐकताना आनंद होतो हे खरे, पण रुक्मिणीचे ते पद लावले की अजूनही पहिल्यांदा आठवते ती ती वही.